गर्दी जमेल, पण यादीत नावं किती लागतील?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मतदार नोंदणीवरच्या तुमच्या पथनाट्याची संहिता वाचली. पहिली दोन पानं झकास आहेत. यमदूत मतदारयादी घेऊन येतो आणि भलत्याच माणसाला उचलतो, तिथे तर मी मोठ्याने हसले. पण तिसऱ्या पानापासून सगळीच पात्रं भाषण करायला लागतात. 'मतदान हा पवित्र हक्क आहे', 'आपण देशाची युवाशक्ती आहोत'. हे ऐकायला कॅन्टीनमधला चहा सोडून कोण उठणार? मी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, दारोदार फिरते, मला विचार. पवित्र हक्क म्हटलं की माणूस 'हो मॅडम' म्हणतो आणि दार लावून घेतो. 'तुमचं नाव यादीत कसं छापलंय, बघायचं का?' म्हटलं की चष्मा शोधायला आत जातो.

तुमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांचं कीर्तन आठव. मी पाहिलेलं नाही, १९५६ साली ते गेले. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी ऐकलेलं सांगितलेलं आहे. बाबा उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. वऱ्हाडीतच. लोक ओरडून उत्तर देत, आणि आपल्याच उत्तरात अडकत. त्याआधी दिवसभर बाबांनी स्वतः खराटा घेऊन गाव झाडलेलं असे, म्हणून रात्री विचारायचा अधिकार त्यांच्याकडे होता. तुमचं तिसरं पान काढून तिथे असंच काही घाला. उदाहरणार्थ:

'तुह्या गल्लीतला दिवा कवापासून बंद हाय?'
'दिवाळीपासून!'
'कोणत्या दिवाळीपासून?'
(इथे लोक हसतील.)
'मंग नगरसेवकाले सांगतलं काय?'
'सांगतलं ना!'
'तो काय म्हने?'
'म्हने, तुह्यं मत कुठी हाय?'

इथे थांबा. ढोलकीसुद्धा वाजवू नका. कारण खरी गोष्ट इथेच आहे. तुमच्यातली निम्मी पोरं बुलढाण्याची, वाशिमची, यवतमाळची. खोली अमरावतीत, नाव गावच्या यादीत. पाच-पाच वर्षं शहराचं पाणी, रस्ते, ऑटो सगळं वापरायचं आणि तिथल्या कुणाच्याच हिशेबात नसायचं. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीतूनच तयार होते, तिथे नाव नाही म्हणजे वॉर्डातही नाही. पुष्कळ पोरांना हे ठाऊकच नसतं की कॉलेजच्या प्रमुखाच्या सहीचं प्रमाणपत्र जोडून हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव लावता येतं. ज्याचं नाव कुठेच नाही त्याने फॉर्म ६ भरायचा. ज्याचं गावात आहे त्याने फॉर्म ८, म्हणजे नाव तिकडून इकडे येतं. दोन्हीकडे ठेवायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि गावातच ठेवायचं असेल तरी हरकत नाही, फक्त मग मतदानाला गावी यायचं. तुझंही तू ठरव. इथून काढलंस तर तुझी आजी दोन दिवस बोलणार नाही, एवढंच.

नाटक संपतं त्याच जागी टेबल हवं. 'अधिक माहितीसाठी संपर्क साधा' असं काही नको. टाळ्या थांबायच्या आत समोरच्याच्या हातात पेन गेलं पाहिजे. मोबाईलवर भरणाऱ्यांसाठी दोन पोरं वेगळी बसवा. दहा मिनिटांनी तोच माणूस बसस्टॉपवर असतो आणि विषय संपलेला असतो. एका कॉलेजात मला रांगोळी स्पर्धेला परीक्षक म्हणून नेलं होतं, विषय 'माझे मत माझे भविष्य'. पहिल्या नंबरच्या मुलीला मी सहज विचारलं, नाव नोंदवलंस का? ती म्हणाली, त्याला काय काय लागतं? रांगोळी मात्र अप्रतिम होती, शाई लागलेलं बोट अगदी नखाच्या चंद्रकोरीसकट.

तुझ्या गटात पदव्युत्तरची पोरं आहेत, म्हणून अजून एक. पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्यांना विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत असतं. आपला अमरावती विभागाचा, पाच जिल्हे मिळून एक. त्याची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव आपोआप येत नाही. फॉर्मही वेगळा, १८ नंबरचा. यावर आजवर एकही पथनाट्य माझ्या पाहण्यात नाही. विषय रुक्ष आहे खरा, पण तुमचा यमदूत पदवीचं प्रमाणपत्र मागत फिरला तर?

आता जरा आईसारखं बोलते. आचारसंहिता लागली असेल तर हात वर करताना, घड्याळ बघताना, मशाल धरताना, पाठीमागच्या पडद्यावर कमळ रंगवताना दहादा विचार करा. कुणीतरी व्हिडिओ काढतंच. परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. दिल्लीचे पथनाट्य करणारे सफदर हाश्मी, त्यांच्यावर १ जानेवारी १९८९ला दिल्लीलगतच्या साहिबाबादजवळ पथनाट्य चालू असतानाच हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. वय अवघं चौतीस. मला भीती वाटते. म्हणून नाटक करू नकोस असं मी म्हणणार नाही, पण प्रयोग संपल्यावर एकटी खोलीवर जाऊ नकोस.

खंजिरी हवी म्हणालीस. शाळेतली देता येणार नाही, पण आपल्या भजनी मंडळाकडे जुनी आहे, मी मागते. तुकडोजी महाराजांचा मुलूख हा, मोझरी तुमच्यापासून कितीशी लांब? खंजिरी वाजली की म्हातारी माणसंही थांबतील. त्यांना हाकलू नका, त्यांच्या नावातल्या चुकाही त्याच टेबलावर फॉर्म ८ने दुरुस्त होतात.

आणि प्रयोग २५ जानेवारीला ठेवू नका. राष्ट्रीय मतदार दिन म्हणून त्या दिवशी सगळीकडे शपथा चालू असतात, तुमच्याकडे कोण बघणार? प्रवेशाच्या दिवसांत करा, ऑफिसच्या रांगेसमोर. तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत फोटो, आधारची झेरॉक्स आणि बोनाफाईड तयार असतं, आणि रांग हलत नसल्याने कुणी कुठे जात नाही. सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज भरता येतो, अकरावी-बारावीच्या पोरांनाही बोलवा. कोरे फॉर्म तहसीलमधून आणून तुझ्या बाबांबरोबर रविवारी पाठवते. त्यांच्याकडे डबाही आहे, तो आधी उघड.

तुझी,
आई