खोडलेल्या ‘नशिबा’बद्दल, काका

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय. नाव मात्र घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

योस्ट रेसिंग या जर्मन मोटार शर्यतींच्या खासगी टीमचा इतिहास मराठीत लिहायला घेतला तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांत हातावेगळा होईल. गोष्टच तशी होती. राइनहोल्ड योस्ट हा जर्मन माणूस स्वतः उत्तम ड्रायव्हर. १९८० साली फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीत तो जॅकी इक्ससोबत दुसरा आला. (पहिला आला जाँ रोंदो, स्वतःच्या कारखान्यात बांधलेल्या, स्वतःच्याच नावाच्या गाडीत. त्याच्यावर वेगळं लिहायचंय, तेव्हा पुन्हा तुमच्याच दारात येईन.) पुढे योस्टने स्टिअरिंग सोडलं आणि पूर्णपणे टीमकडे लक्ष दिलं. खासगी टीम म्हणजे काय, हे मला तोवर नीटसं उमगलंच नव्हतं. गाडी पोर्शकडून विकत घ्यायची, प्रायोजक स्वतः शोधायचे, मेकॅनिकांचे पगार स्वतः द्यायचे, आणि मग त्याच पोर्शच्या फॅक्टरी टीमसमोर शर्यतीत उभं राहायचं.

१९८४ साली ल माँला योस्टची ७ नंबरची पिवळी-काळी-पांढरी पोर्श ९५६ जिंकली. आँरी पेस्कारोलो आणि क्लाउस लुडविग चालवत होते. पण त्या वर्षी इंधनाच्या नियमांवरून वाद झाला होता आणि पोर्शची फॅक्टरी टीम शर्यतीला आलीच नव्हती. १९८५ साली ती आली, ९६२सी या नव्या गाड्या घेऊन. तरीही योस्टच जिंकला. तेव्हा मी माझ्या मसुद्यात लिहिलं, ‘दुसऱ्या वर्षीही नशिबाने साथ दिली.’

तुम्ही ते पान वाचलंत, लाल पेन्सिलीने ‘नशिबाने’भोवती गोल केलात आणि काहीच बोलला नाहीत. पुढच्या रविवारी मात्र दारातच विचारलंत, ‘टाकीत किती मावतं?’

मला माहीत नव्हतं. तीनशे पानं वाचली होती, पण हे पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही जुन्या जर्मन मासिकांचा गठ्ठा काढलात, पट्टी घेतलीत आणि मला शेजारी बसवलंत. टाकी १०० लिटरची. आधी २४ तासांना २६०० लिटर मिळायचे, १९८५ साली त्यात १५ टक्के कपात होऊन २२१० लिटर राहिले. तुम्ही कागदावर भागाकार मांडलात: तासाला ९२ लिटर. अंतर ५ हजार किलोमीटरांच्या वर. म्हणजे लिटरमागे सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास, तेही पहाटे, पावणेचार-चारला, डोळे जड झालेले असताना, एकेक थेंब मोजत. ज्याच्या हातात पैसा जास्त त्याची गाडी वेगवान असेल, पण पेट्रोल सगळ्यांना सारखंच मोजून मिळणार होतं. खासगी टीमला बरोबरीने उभं राहायला जागा होती ती इथे.

त्यानंतर तुम्ही सांगितलेला प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही. ल माँच्या ट्रॅकवरचा युनोदिएरचा सरळ रस्ता तेव्हा सलग होता, सुमारे ६ किलोमीटर, मधली वळणं १९९० साली आली. त्या रस्त्यावर योस्टची गाडी आणि रिचर्ड लॉइडच्या खासगी टीमची गाडी आळीपाळीने एकमेकींच्या मागे लागून धावत होत्या. पुढची हवा कापते, मागचीला कमी जोर लागतो, पेट्रोल वाचतं. मग जागा बदलायची. दोघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि तरी एकमेकांना ओढून नेत होते. तुम्ही दोन हातांचे तळवे टेबलावर पुढेमागे सरकवून दाखवलंत, ते मला अजून दिसतंय. शेवटी योस्ट पहिला आणि लॉइड दुसरा, फॅक्टरीची गाडी तिसरी.

मी घरी येऊन ते वाक्य खोडलं. नुसतं वाक्य नाही, सगळं प्रकरण नव्याने लिहिलं.

दोन्ही वर्षी जिंकलेली गाडी एकच, ९५६ची ११७ क्रमांकाची चासी (गाडीचा मूळ सांगाडा), हेही तुमच्यामुळेच समजलं. लुडविगसोबत दुसऱ्या वर्षी पाओलो बारिल्ला होता आणि ‘जॉन विंटर’. या विंटरचं खरं नाव लुई क्रागेस, घरच्यांना शर्यतींचा नाद कळू नये म्हणून टोपणनावाने धावणारा. मी त्याला खुशाल इंग्रज ठरवून मोकळी झाले होते! ती चूक छापली गेली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

१९९६ आणि १९९७च्या प्रकरणाचंही तसंच. पोर्शने सुरू करून सोडून दिलेली डब्ल्यूएससी-९५ ही शर्यतीची गाडी योस्टने मागून घेतली आणि पोर्शच्याच फॅक्टरी गाड्यांना दोन्ही वर्षी मागे टाकलं, पुन्हा एकाच चासीवर, पुन्हा ७ नंबर लावून. १९९७ साली ऐनवेळी बोलावलेला ड्रायव्हर टॉम क्रिस्टेन्सन ल माँला पहिल्यांदा जिंकला. पुढे त्याच्या नावावर तिथले एकूण ९ विजय लागले. पण १९८५चा हिशोब मांडल्यावर हे सगळं मला आपोआप कळत गेलं. काय शोधायचं ते आता ठाऊक होतं.

तीन रविवार तुम्ही मला दिलेत. माझ्या अर्धवट जर्मनला एकदाही हसला नाहीत. एकेका चित्राखालची ओळ सावकाश वाचून दाखवलीत आणि मी लिहून घेईपर्यंत थांबलात. मनापासून आभार, काका. काकूंचेही. आमच्या कागदांनी त्यांचं जेवणाचं टेबल तीन आठवडे अडवलं होतं.

येत्या रविवारी मासिकं परत घेऊन येते. १९८६च्या अंकाला खूण घातली आहे. ११७ तिसऱ्या विजयासाठी धावत होती, रात्री अपघातामुळे सगळ्या गाड्या बराच वेळ सेफ्टी कारमागे (वेग आवरायला पुढे धावणाऱ्या गाडीमागे) हळू चालल्या आणि त्यानंतर हिचं इंजिन गेलं. त्या पानावर मेकॅनिकांचा एक फोटो आहे, खाली चार ओळी आहेत. मला त्यातली दुसरी ओळ काही केल्या लागत नाही. तेवढी वाचून दाखवाल?

तुमची,
लाल पेन्सिलवाली विद्यार्थिनी