अध्यक्ष दवाखान्यात, काटा बंद

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन निघायला थोडेच दिवस राहिले आहेत आणि गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या (शेतकरीच भागधारक असलेल्या कंपन्यांच्या) आमसभा सुरू झाल्या आहेत. जो धडाडीचा, ज्याची तालुक्याला ओळख, त्याच्याच गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडेल. मी अशाच एका कंपनीचा भागधारक आहे. सात वर्षांत तीन अध्यक्षांचा कारभार जवळून पाहिला, म्हणून हे पत्र.

पहिले अध्यक्ष कर्तबगार माणूस. सकाळी सहाला गोदामावर हजर. मालाचा ओलावा तेच मोजायचे, प्रत तेच ठरवायचे, व्यापाऱ्याशी फोनवर भावही तेच तोडायचे. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आठ दिवसांत हातात. कंपनी उभी राहिली ती त्यांच्यामुळेच, हे मी कोणापुढेही सांगेन. आम्हीही त्यांना तशीच सवय लावली. सभेत मत विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमीच सांगा न भाऊ, आमाले काय समजते!"

चौथ्या हंगामात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ते नागपूरला दवाखान्यात भरती झाले. गोदामासमोर गाड्यांची रांग आणि ओलावा मोजायचं यंत्र कपाटात कुलूपबंद. किल्ली आणली, यंत्र काढलं, तर बारा टक्क्यांच्या वर गेलेल्या मालाला किती कट (वजावट) लावायचा हे कोणालाच सांगता येईना. व्यापाऱ्याचा नंबरही त्यांच्याच मोबाइलमध्ये. पाच दिवस काटा बंद. लोकांनी गाड्या वळवून माल अडत्याकडे टाकला. त्यात माझे अठरा कट्टे होते.

दुसरे अध्यक्ष नेमके उलटे. प्रत्येक गोष्ट बैठकीत. आम्हाला बरं वाटलं, बोलायला मिळालं. पण तूर विकायची की थांबायचं यावर तीन बैठका झाल्या आणि तेवढ्यात भाव उतरला. तिसऱ्यांनी सगळं पगारी व्यवस्थापकावर सोडलं आणि सहीपुरते येत राहिले. त्या वर्षी बारदान्याचा हिशेब आजवर लागलेला नाही.

यावर वाचू लागलो तेव्हा कळलं की हे कोडं जुनं आहे. १९३९ साली अमेरिकेत कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केला होता. एका प्रकारचा म्होरक्या हुकूम देणारा, दुसरा मुलांना विचारून चालणारा, तिसरा सगळं त्यांच्यावर सोडून देणारा. हुकमाखाली काम भरपूर झालं, पण म्होरक्या खोलीबाहेर गेला की ते ढिलं पडायचं. विचारून चालणाऱ्या गटात तो नसतानाही मुलं कामाला लागलेली असायची. तिसऱ्या प्रकारात कामाचा दर्जा सगळ्यात खराब. हे वाचताना मला आमचं गोदाम आणि ते पाच दिवस दिसत होते.

पण सगळ्यांना विचारायचं आणि तरी भाव हातचा जाऊ द्यायचा नाही, हे कसं साधायचं? याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेतं. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचा अभ्यासगट मात्र फारसा कोणी सांगत नाही. तिथे विषय आधी अभ्यासगटात उलटसुलट चर्चिला जातो, निर्णय तिथे होत नाही. तो होतो ग्रामसभेत, माहिती घेऊन बसलेल्या माणसांकडून. आमच्या बैठकीत अभ्यास आणि निर्णय दोन्ही चहा येईपर्यंत उरकायचे असायचे, मग तीन बैठका लागणारच!

म्हणून माझं मत असं झालं आहे की कामागणिक नेतृत्वाची रीत बदलली पाहिजे. काट्यावर शब्द एकाचाच चालावा, तिथे गाडीसमोर चर्चा नको. कट किती लावायचा, नफ्यातलं किती वाटायचं, कोणत्या भावाखाली विकायचं नाही, हे हंगामाआधी सगळ्यांनी मिळून ठरवावं आणि त्या मर्यादेत विक्रीची मोकळीक एकाला द्यावी. कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने आपल्यासारख्या कंपनीत शेअर कितीही असले तरी प्रत्येक शेतकऱ्याला एकच मत दिलं आहे. पण ते मत वर्षातून एकदा पडतं, काटा हंगामात रोज चालतो.

संचालकांसाठी प्रशिक्षणं होतात. मी दोनदा गेलो. योजना, अनुदान, ऑडिटचे कागद, सगळं नीट शिकवलं. माणसं कशी चालवायची यावर मात्र तासभरही नव्हता. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आणि कृषी विभागाने हा विषय घ्यावा, आणि तो वर्गात शिकवण्याऐवजी संचालकांना दोन दिवस मेंढ्याच्या ग्रामसभेत बसवून शिकवावा, ही कळकळीची विनंती.

आमच्या आमसभेत मी एक ठराव मांडतो आहे. हंगामात आठवड्यातला एक दिवस अध्यक्षांनी गोदामावर यायचं नाही. त्या दिवशी ओलावा, काटा, पावती आणि व्यापाऱ्याचा फोन, चारही कामं दुसऱ्या संचालकाने करायची, दर आठवड्याला वेगळ्याने. आणि कपाटाची दुसरी किल्ली गोदामातच राहील.

आपला वाचक,
एक भागधारक शेतकरी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ