केपच्या सहलीला जाणाऱ्यांसाठी

महोदय,

मराठवाड्यातून केपटाऊनला जाणाऱ्यांनी केप द्वीपकल्पाची एकदिवसीय सहल ठरवताना काही गोष्टी आधीच विचाराव्यात. चॅपमन्स पीकचा ९ किलोमीटरचा, ११४ वळणांचा घाट दरडी आणि वाऱ्यामुळे अचानक बंद होतो. मग बस कुठून नेणार? घाटाच्या उत्तर टोकाच्या हौट बे गावाहून दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे असतो, खिडकी तशी धरावी. लाटा उसळल्या की सील बेटाची बोट रद्द होते; परताव्याचे लेखी घ्यावे. ‘आफ्रिकेचे दक्षिण टोक’ केप पॉइंट नव्हे, अगुल्हास. ते तिथून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर. आणि दशम्या-धपाटे बसबाहेर काढूच नयेत. तिथली बबून माकडे हातातून हिसकावतात. वेरूळची माकडे त्यांच्यापुढे फारच सभ्य!

– एक वाचक, परभणी