त्सकाल्तुबोहून आल्यावर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "पडक्या इमारतींचे फोटो काढायला कुणी विमानाने जातं का?" असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाव जॉर्जियातलं, कुताइसी शहराजवळचं. नाव त्सकाल्तुबो. तिथं जमिनीतूनच ३३ ते ३५ अंशांचं पाणी येतं. आपल्या वज्रेश्वरीसारखं चटका देणारं नाही, कोमट. तापवायला नको की निववायला नको. सांधेदुखीची माणसं त्यासाठी पूर्वीपासून येत. सोव्हिएत सरकारने तिथं वीसेक सॅनेटोरियमं उभारली, म्हणजे कामगारांनी राहून उपचार आणि विश्रांती घ्यायच्या मोठ्या इमारती. धातुकामगारांची मेटालुर्गी, खाणकामगारांची शाख्तिओरी. कामगाराला विश्रांतीचा हक्क आहे, असं त्यांच्या १९३६ च्या राज्यघटनेतच लिहिलं होतं. युनियनकडून चिठ्ठी मिळायची, मॉस्कोहून थेट गाडी यायची. त्या राजवटीने माणसांचे हालही अतोनात केले, ते मी विसरलेलो नाही. पण भट्टीवर राबणाऱ्या माणसासाठी असे खांब, असे जिने कुणी बांधले होते, हे डोळ्यांनी बघितल्यावर मला सारखी तुमची आठवण येत होती. तुम्ही रजा साठवत गेलात आणि रिटायर होताना तिचे पैसे घेतलेत. त्या पैशांतून माझी शेवटच्या वर्षाची फी भरली गेली.

मेदिआ नावाच्या सॅनेटोरियमचे फोटो पाठवतोय. दोन मजले उंच खांब आणि मधून वर चढणारा रुंद जिना. पायऱ्यांच्या फटींतून झाडं उगवलीत. सकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा खांबांच्या सावल्या पायऱ्यांवर मोडत मोडत उतरतात, तो फोटो आईला नक्की आवडेल. आत लाकडी फरशी उचकटून नेलेली, नळ नेलेले, वायरीसुद्धा ओढून काढलेल्या. अंधाऱ्या खोल्यांत ट्रायपॉड लावून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं.

पण या इमारती नुसत्या ओसाड पडल्या नाहीत. सोव्हिएत संघ कोसळला आणि पाठोपाठ १९९२-९३ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या अबखाझिया या जॉर्जियापासून फुटू पाहणाऱ्या भागात युद्ध झालं. दोन लाखांहून जास्त जॉर्जियन लोकांना घरंदारं सोडावी लागली. त्यातल्या हजारोंना इथल्या खोल्या मिळाल्या. तात्पुरत्या म्हणून मिळाल्या आणि त्यातच पोरं मोठी झाली. आता बहुतेकांना फ्लॅट मिळालेत, तरी खुणा जागोजागी आहेत. बाल्कनीला काचा लावून केलेलं स्वयंपाकघर, खिडकीतून बाहेर काढलेलं चुलीचं धुराडं.

एका इमारतीत मी वरच्या मजल्यावर गेलो, तर बोळात दोरीवर धुतलेले टॉवेल! एक आजी बाहेर आल्या. मोबाईलवर भाषांतर करत बोललो. त्या अबखाझियातल्या सुखुमी शहराच्या, घर समुद्राजवळ होतं म्हणाल्या. चुलीचा फोटो काढ, माझा नको, असं त्यांनी हातानेच सांगितलं. मी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि त्यांनी दिलेली कॉफी प्यायलो. 'ओसाड' म्हणून इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी फोटोंत अशी कुणाची तरी राहती खोली असते. कुणी राहत असेल तिथं विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे मी आता पक्कं ठरवलंय.

आई, तुझ्यासाठी मुद्दाम चौकशी केली. सहा नंबरचं स्नानगृह अजून चालू आहे. दर्शनी भिंतीवर स्टालिनचं शिल्प आहे, आत त्याच्यासाठी बांधलेलं वेगळं कुंडही दाखवतात. आधी डॉक्टर तपासतात, मग पाण्यात किती वेळ बसायचं ते सांगतात. तुझा गुडघा त्याने बरा होईल असं मी म्हणत नाही, पण कोमट पाण्यात तुला बरं वाटेल. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेव.

बाबा, खर्चाचं काढू नका. तिकिटं आणि व्हिसा माझ्याकडे लागलं. मे महिन्यात हवा छान असते. तुमच्या दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते तेवढं बघून कळवा. कपाटात वरच्या खणात, एलआयसीच्या फाईलखाली आहेत.

तुमचा,
नितीन