आवाज परत मिळवून देणाऱ्या मॅडमना, एका झेडपीच्या बाईकडून

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला व्हॉट्सअपवर थँक्यू म्हटलं तं तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकून मोकळ्या होता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं की आमच्या केंद्रातले निम्मे शिक्षक घसा खाकरत फिरतात, त्यांनी पण वाचावं. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहीत आहे. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, तुम्ही स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बिघडलेला आवाज व्यायामानं सुधारून देणाऱ्या.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत, आणि सर मीटिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला गेले की चारही वर्ग माझेच. वर टिनं. एका बाजूला पहिलीचं वाचन, दुसऱ्या बाजूला दुसरीचे पाढे, मधेच खिचडीवाल्या ताई दारातून विचारणार आज पोरं किती, आणि हे सगळं ज्या आवाजात चालतं तो आवाज दिवाळीनंतर घोगरा व्हायला लागला. सकाळी परिपाठाला ठीक असायचा, खिचडीच्या सुट्टीनंतर तोंडातून नुसती हवा. पालक भेटले की पहिला प्रश्न, "बाई, आवाज काहून असा झाला?" हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, खडीसाखर, ज्यानं जे सांगितलं ते केलं. अँटिबायोटिकचे कोर्स झाले. आणि ज्याला दाखवावं त्याचा सल्ला एकच, बोलणं बंद ठेवा. आता पहिलीच्या वर्गात बोलणं बंद ठेवून दाखवा बापा कोणी!

तुम्ही पहिल्या, ज्यांनी असं म्हटलं नाही. तुम्ही विचारलं खोली केवढी आहे, पोरं किती, मी कुठे उभी राहून शिकवते, पंखा आवाज करतो का, फळ्यावर लिहिता लिहिता बोलते का. मग म्हणालात, "बोलावं तर लागणारच आहे, मग कसं बोलायचं ते पाहू." मॅडम, मला त्या वाक्यानंच अर्धं बरं वाटलं होतं, खोटं नाही सांगत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्यानं पाहून नोड्यूल आहेत असं सांगितलं होतं, आणि गाठी हा शब्द घरी पोचल्याबरोबर सगळे थेट कॅन्सरवर गेले, सासूबाईंनी तं नवस बोलून ठेवला. तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलं. स्वरयंत्रात दोन पट्ट्या, बोलताना त्या एकमेकींवर आपटतात, बायकांच्या सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांच्या १०० ते १२५, आणि जितकं ओरडू तितक्या जोरात. जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथे दोन्हीकडून घट्टे पडतात, निंदणाऱ्या बायांच्या हाताला पडतात तसे. हे घट्टे कॅन्सर नसतात आणि बहुतेकांना आधी व्यायामच देतात, ऑपरेशनचं नंतर बघतात, हे डॉक्टरांनी पण सांगितलं होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काय शिरते? तुम्ही सासूबाईंना फोनवर वेगळं समजावून सांगितलं तेव्हा कुठे घर शांत झालं.

आता व्यायाम. वाचणाऱ्यांसाठी नीट लिहिते, कारण मला लोक विचारतात ती नळी कसली. सिलिकॉनची नळी, ३५ सेंटीमीटर लांब, बोटाएवढी जाड. बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्यायचं, नळीचं टोक दोन-तीन सेंटीमीटरच बुडवायचं, ओठ नळीभोवती घट्ट, गाल फुगवायचे नाहीत, आणि "ऊऊऊ" असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. नुसती फुंकर मारायची नाही, आवाज यायला पाहिजे. आधी एकाच सुरात, मग खालून वर, वरून खाली, मग प्रार्थनेची चाल त्यातूनच. घशाला जोर लागला की थांबायचं. पाण्यामुळे तोंडात जो दाब तयार होतो तो पट्ट्यांना थोडा आधार देतो, त्यामुळे त्या कमी आपटून पण हलत राहतात, असं तुम्ही सांगितलं होतं, आणि पहिल्यांदा केल्यावर घसा मोकळा झाल्यासारखं वाटलं ते मला आजही आठवते. फक्त घरच्यांना सवय व्हायला वेळ लागला. "काहून व माय, सकाळी सकाळी गुडगुड काय करून रायली?" हे रोजचं झालं होतं.

दुसरा ओठांचा, "ब्रर्रर्र", पोट्टे ट्रॅक्टर ट्रॅक्टर खेळताना काढतात तोच आवाज. हा मी परिपाठातच घातला, अख्खी शाळा करते, आणि सगळ्यात लांब कोणाचा जातो यावर पैजा लागतात. तिसरा "म्म्म", तोंड बंद, दात वेगळे, ओठांवर आणि नाकाजवळ गुणगुण जाणवली पाहिजे. ती जाणवली की त्याच जागेवरून मामा, मीना, माझी माय असं बोलत बोलत साध्या वाक्यावर यायचं. मला हाच सगळ्यात कठीण गेला. घशातून जोर लावायची इतक्या वर्षांची सवय, ती काय एका आठवड्यात जाते का. यवतमाळला दर वेळी एसटीनं येणं जमत नव्हतं तं तुम्ही व्हिडिओ कॉलवर करून घेतलं, आणि नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते म्हणून मी तिथे उभी राहून "म्म्म" करत होते, येणारी-जाणारी माणसं बघत होती. तुम्हाला हसू आवरत नव्हतं, ते पण दिसत होतं मला.

बाकी लहान गोष्टी. खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं नाहीतर थुंकी गिळायची. घसा बसला की आपण कुजबुजतो, ते पण नको, जोर लावून कुजबुजलं तरी ताण येतोच, त्यापेक्षा हळू पण खऱ्या आवाजात बोलायचं. प्यायलेलं पाणी थेट त्या पट्ट्यांवर पडत नाही, ते अन्ननलिकेत जाते, म्हणून घसा सुकल्यावर गटागटा प्यायचं नाही तर दिवसभर थोडं थोडं प्यायचं. साधी वाफ घ्यायची. रात्री जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, पित्त वर येऊन घसा जळते.

पण मॅडम, मला खरं आश्चर्य वाटलं ते तुम्ही शिक्षण परिषदेला आमच्या तालुक्यात आल्या आणि त्यानंतर माझ्या वर्गात येऊन मागच्या पट्टीवर बसल्या तेव्हा. कोणी अधिकारी आला की आपण सावरून शिकवतो, तसं शिकवायला घेतलं तं तुम्ही म्हणालात रोजसारखं चालू द्या. नंतर बदल सांगितले ते इतके साधे की खर्च जवळपास शून्य. पोरांना अर्धगोलात बसवा म्हणजे मागच्यासाठी ओरडावं लागत नाही. दारातून हाक मारू नका, जवळ जा. मैदानात शिट्टी वापरा, वर्गात टाळीची खूण ठेवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, फळा ओल्या कापडानं पुसा. प्रत्येक तासाला थोडा वेळ पोरांनी मनात वाचायचं, तेवढा वेळ मी गप्प. पावसाचं पण तेव्हाच समजलं. टिनावर पाऊस सुरू झाला की माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला कळत पण नाही, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हे १९११ सालीच दाखवलं होतं म्हणे. म्हणून जोराचा पाऊस असला की आता आम्ही चित्रं काढतो नाहीतर शुद्धलेखन, पाढे नंतर. कमरेला लावायचा छोटा माईक नंतर घेतला, पहिल्या दिवशी तो कोण धरणार यावर दुसरीत मारामारी झाली.

तुम्ही परिषदेत सांगितलेला आकडा पण इथे लिहिते. अमेरिकेत २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात शंभरातल्या जवळपास ५८ शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेला होता, बाकी लोकांत तेच प्रमाण २९. म्हणजे हा आपल्या नोकरीचाच आजार आहे. आणि आम्हाला डीएडला फळालेखनाचे मार्क होते, आवाजावर एक तास झाला नाही. आता इतकी प्रशिक्षणं होतात, नाश्ता-चहासकट, त्यात हे एकदा टाकायला काय हरकत आहे? विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्या आधीच्या प्रशिक्षणातच टाका, दीड महिन्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात सगळे घसे बसतात.

शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी घट्टे बरेच लहान झाले म्हणून सांगितलं, तुम्हाला रिपोर्ट पाठवलाच आहे. आवाज अगदी पहिल्यासारखा नाही, वरचा सूर अजून फाटतो, पण चारला शाळा सुटते तेव्हा मला बोलता येते, घरी जाऊन मुलीशी दोन गोष्टी करता येतात. त्यासाठी खरंच खूप खूप आभार.

आणि एक काम आहे. बाजूच्या गावच्या शाळेतले एक सर आहेत, त्यांचा आवाज पोळ्यापासून फाटलेला आहे, आणि खर्रा सुटत नाही. तीन आठवड्यांवर घोगरेपणा गेला तर आधी कॅमेऱ्यानं तपासून घ्यायचं, तंबाखू खाणाऱ्यानं तर अजिबात थांबायचं नाही, हे तुमचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं. या शनिवारी त्यांना आधी घशाच्या डॉक्टरांकडे आणि तिथून तुमच्याकडे पाठवतेय. मला काही झालेलंच नाही म्हणतील, ऐकू नका. नळी मी त्यांना माझी देणार नाही, नवीनच द्या.

तुमची,
टाकीजवळची बाई