व्हॉल्व्हच्या रेडिओवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन केला की तुम्ही लगेच विषय बदलता आणि आता नवीन काय बिघडलंय ते विचारता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. ज्यांचे रेडिओ तुमच्या हाताखालून गेले, ते ओळखतीलच.

माझ्या हाती एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आला होता; व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी आवाज वाढवायला वापरायचे त्या काचेच्या नळ्या. खरं तर मला त्यातला रेडिओ नकोच होता. मागच्या बाजूला ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोकं होती. तिथे रेकॉर्ड प्लेयर जोडायचा आणि अॅम्प्लिफायर म्हणून वापरायचा, एवढाच माझा बेत. फोटो पाहून तुमचा पहिला प्रश्न होता, "वीज दिलेली नाहीस ना अजून?" नव्हती दिली. "मग देऊही नकोस. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कंडेन्सरवर एकदम पूर्ण व्होल्टेज सोडायचं नाही." (कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग.) मग सिरीज बल्बची जोडणी सांगितलीत: फिलामेंटचा साधा १०० वॉटचा बल्ब रेडिओच्या वाटेत घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आमचा मंद झाला. तरी तुम्ही म्हणालात, "आनंद नंतर. आधी ग्रिडवर मीटर लाव."

त्या एका वाक्यानं व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर वाचला, आणि या पत्राचं मुख्य कारण तेच आहे. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा (वाढवलेला आवाज जिथून बाहेर पडतो ती) आवाज ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (आवाज जिथे आत येतो ती जाळी) पोचवायला मध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. त्यानं आवाज जाऊ द्यायचा आणि प्लेटवरचं डीसी व्होल्टेज अडवायचं. जुन्या मेणकागदी कंडेन्सरना हे अडवणं पुढे जमेनासं होतं. ग्रिडवर शून्य दिसायला हवं होतं, मीटरनं साडेचार व्होल्ट दाखवले. रेडिओ तर छान वाजत होता! पण तसाच वाजत राहिला असता तर व्हॉल्व्हमधून नको तितका करंट गेला असता, प्लेट लाल झाली असती आणि ट्रान्सफॉर्मरची ती केसासारखी बारीक तार जळाली असती. ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर लावला आणि मीटरचा आकडा शून्यावर आला. कुणी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ हाती घेणार असेल तर त्यानं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा एक कंडेन्सर आधी बदलावा.

व्हॉल्व्हच्या आवाजाबद्दल तुम्ही माझा भाबडेपणा हळूहळू, पण पुरता उतरवलात. "ऊबदार आवाज" असं मी म्हटलं की तुम्ही हसायचात. त्यातला निम्मा लाकडी खोक्याचा आणि कागदी कोनच्या मोठ्या स्पीकरचा, असं तुमचं म्हणणं. उरलेल्याचं स्पष्टीकरण मात्र मला मनापासून पटलं. एकटा ट्रायोड, म्हणजे तीन भागांचा साधा व्हॉल्व्ह, आवाज वाढवताना त्यात भेसळ करतो ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची. ती कानाला खुपत नाही, सूर भरल्यासारखा वाटतो. ईएल ८४ पडला पेंटोड, म्हणजे पाच भागांचा, त्यात तिप्पट कंपनसंख्येचाही वाटा येतो. तो वरच्या सप्तकातला पंचम. तेव्हा ही विकृतीच आहे, फक्त सुरेल आहे. हे कळल्यावर गोडी कमी होईल अशी मला धास्ती होती. झालं उलटंच, आता काय ऐकायचं ते कळतं.

हिशेबानं पाहिलं तर हा सगळा उधळेपणा आहे. ईएल ८४ च्या प्लेटवर २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॉट. फिलामेंटला आणखी जवळपास पाच. आणि पदरात पडतात जेमतेम साडेपाच, तेही दहा टक्के विकृती चालवून घेतली तर. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये आला आणि पुढे त्यानं हा धंदाच बसवला, यात अन्याय काहीच नाही.

मग मोल कशाचं? तुम्ही हे कधी भाषणासारखं सांगितलं नाहीत, चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उलटी करून दाखवलंत. खाली सर्किट बोर्ड नाही. रेझिस्टर आणि कंडेन्सर व्हॉल्व्हच्या सॉकेटवरून टॅगपट्टीवर थेट सोल्डर केलेले. पेन्सिल घेऊन एकेका तारेमागे जाता येतं. फ्लेमिंगनं १९०४ मध्ये दोन भागांचा डायोड केला, दोन वर्षांनी डी फॉरेस्टनं मधे ग्रिड घातली, १९२६ मध्ये फिलिप्समधल्या टेलेगननं पेंटोड काढला, आणि ही सगळी वंशावळ त्या एका चॅसिसवर काचेत उभी आहे. बिघाडसुद्धा दिसतो. काचेच्या डोक्यावरचा बेरियमचा चंदेरी थर दुधासारखा पांढरा पडला की आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. मीटरही लागत नाही.

म्हणूनच आतला सांगाडा उपटून खोक्यात ब्लूटूथचा बोर्ड बसवतात तेव्हा तुमचा पारा चढतो. माझाही चढायला लागलाय. ईएल ८४ गिटारच्या अॅम्प्लिफायरना लागतो म्हणून आजही बनतो. ईसीएच ८१ सारखे खास रेडिओचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. एक चॅसिस भंगारात गेली की तिच्याबरोबर त्यातले काही जातात.

धाकाबद्दलही आभार. एक हात पाठीमागे ठेवून काम करायचं, बंद केल्यावर फिल्टरचा कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि रिकामा झाला का ते मीटरनं बघायचं. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, यू अक्षराच्या व्हॉल्व्हच्या सेटची चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असू शकते, म्हणून त्यांना मला अजून हात लावू देत नाही. मी रागावले होते तेव्हा, आता नाही.

आणि हो, रेडिओही वाजतो बरं का. पिकअपच्या भोकांत रेकॉर्ड प्लेयर जोडलेला आहेच, पण रात्री मीडियम वेव्ह लावून मॅजिक आयची, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या व्हॉल्व्हची, हिरवी फट मिटवत बसण्यात जास्त वेळ जातो.

तुमच्या व्होल्टेजच्या वहीची पानं उतरवून झाली, वही लवकरच पोचती करते. फक्त ईएबीसी ८० या व्हॉल्व्हच्या पानावर ट्रायोडच्या प्लेटसमोरचा आकडा शाईच्या डागाखाली गेलाय. तेवढा फोनवर सांगा.

तुमची,
सोल्डर अजूनही जरा जास्तच लावणारी विद्यार्थिनी