जेहानचं पुढे काय झालं

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. ताईची काळजी मला समजते. तिच्या पोराला कार्टिंगचं, म्हणजे लहान गाड्यांच्या शर्यतींचं, वेड लागलंय, शिकवणारे म्हणतात हात चांगला आहे, आणि आता घरात विषय निघालाय की याला पुढे न्यायचं का. त्यावर तू विचारलंस, "जेहान दारुवाला एवढा चांगला होता ना, मग त्याचं शेवटी झालं काय? फॉर्म्युला वनमध्ये तर आला नाही." हा प्रश्न मला लागला. कारण त्या पोराची बहुतेक प्रत्येक रेस मी जीव टांगणीला लावून बघितली आहे आणि 'आला नाही' या दोन शब्दांत ती दहा-बारा वर्षं मावत नाहीत.

मुंबईचा मुलगा. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम काढली, देशभरातून तीन मुलं निवडली, त्यातला हा एक. तिथून ब्रिटनमधलं कार्टिंग, मग फॉर्म्युला रेनॉ, मग युरोपियन फॉर्म्युला थ्री. २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला. त्याच वर्षी युरोपियन फॉर्म्युला थ्रीच्या कार्लिन टीममध्ये त्याच्या शेजारच्या गाडीत कोण होतं माहितीये? लँडो नॉरिस. तो ती चॅम्पियनशिप जिंकला, जेहान सहावा आला. नॉरिस दोन वर्षांत फॉर्म्युला वनच्या मॅक्लारेनमध्ये पोचला.

फॉर्म्युला वनच्या खालच्या या पायऱ्यांचं एक वैशिष्ट्य ताईला नीट समजावून सांग. फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे वनच्या लगेच खालच्या पायरीवर, सगळ्यांना गाडी सारखीच असते. डलाराची चासी (गाडीचा सांगाडा), मेकाक्रोमचं टर्बो इंजिन, पिरेलीचे टायर. त्यामुळे टीममेट हीच खरी मोजपट्टी. हरलास तर गाडीकडे बोट दाखवायची सोय फारशी नाही. वरवर हे फार न्याय्य वाटतं आणि बऱ्याच अंशी आहेही. पण सगळी गोम त्यात येत नाही, आणि ते जेहानच्याच उदाहरणावरून दिसतं.

२०१९ ची फॉर्म्युला थ्री घे. प्रेमा टीमच्या तिन्ही गाड्या पहिल्या तीन नंबरांवर: रॉबर्ट श्वार्ट्झमन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि तिसरा जेहान. त्या वर्षी नववा आला होता युकी त्सुनोदा. पुढच्या वर्षी जेहान आणि त्सुनोदा दोघेही रेड बुलचे ज्युनियर, म्हणजे त्यांनी पोसलेले तरुण ड्रायव्हर, दोघेही फॉर्म्युला टूमध्ये, दोघेही कार्लिनमध्ये. मोसम संपला तेव्हा त्सुनोदा तिसरा, जेहान बारावा. २०२१ मध्ये त्सुनोदा अल्फाटाउरीच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला. एका वर्षात पारडं असं फिरतं. त्सुनोदा खरोखरच वेगवान होता, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. शिवाय सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरायच्या परवान्यासाठी, तीन वर्षांत ४० पॉइंट्स लागतात, आणि फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिनांत आलास की ते ४० एका झटक्यात मिळतात. बारावा आलास तर त्या हिशेबात तू जवळजवळ नाहीसच.

आणि त्या २०१९ च्या तिघांचं काय झालं? फॉर्म्युला वनची शर्यत तिघांपैकी एकालाही मिळाली नाही. श्वार्ट्झमन फेरारीचा टेस्ट ड्रायव्हर राहिला, मग इंडीकार या अमेरिकन मालिकेत गेला आणि २०२५ मध्ये पदार्पणातच इंडियानापोलिस ५०० ची पोल, म्हणजे सर्वांत पुढची सुरुवातीची जागा, घेतली. आर्मस्ट्राँगही इंडीकारमध्येच. फेलिपे ड्रुगोविच तर २०२२ चा फॉर्म्युला टू चॅम्पियन, पण पुढच्या वर्षी त्याच्या वाट्याला राखीव ड्रायव्हरचं काम आलं. २०२१ चा चॅम्पियन ऑस्कर पिआस्ट्री, त्यालाही पुढचं अख्खं वर्ष बाकावर बसावं लागलं. इतकी वर्षं जगभरात मिळून जागा वीस होत्या रे. त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. म्हणून 'आला नाही' हे ऐकलं की मला राग येतो.

जेहान कुठे कमी पडला, हे मला जे दिसलं ते सांगतो, कारण तुझ्या भाच्याच्या कामाचं तेच आहे. क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे ठरवणारं वेळेचं सत्र. फॉर्म्युला टूमध्ये शुक्रवारी सरावाला ४५ मिनिटं मिळतात आणि लगेच त्याच दिवशी अर्ध्या तासाचं क्वालिफायिंग. टायर असे की नव्या सेटवर एक, फार तर दोन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) कामाचे. बाहेर पडल्यावर टायर तापवायचे, पण पुढचे आणि मागचे एकाच वेळी योग्य तापमानाला यायला हवेत. कमी तापले तर पहिल्याच वळणावर पुढची चाकं सरकतात. जास्त तापले तर लॅपच्या शेवटच्या टप्प्यात मागची बाजू निसटायला लागते, आणि आधी कमावलेलं तिथे जातं. त्यात समोर कोणी हळू चाललेला आला, किंवा कुणी भिंतीला धडकून लाल झेंड्याने सत्र थांबलं, की संपलं. एका सेकंदात पंधरा गाड्या असतात. दोन दशांशांनी चुकलास तर चौथ्याचा बारावा होतोस, आणि मग रविवारच्या मोठ्या शर्यतीत पूर्ण वेळ पुढच्या गाड्यांनी ढवळलेल्या गढूळ हवेत टायर जाळत बसायचं. जेहान शर्यतीत फार हुशार होता, टायर सांभाळायचा, गर्दीतून वर यायचा. पण शुक्रवारचा तो एक लॅप त्याला सातत्याने जमला नाही, निदान वरच्यांना खात्री पटावी इतका तरी नाही.

आता त्याची एक शर्यत मात्र तू बघच. डिसेंबर २०२०, बहरीनमधलं साखिर, बाहेरचा छोटा ट्रॅक, मोसमातली शेवटची स्प्रिंट रेस, म्हणजे छोटी शर्यत. जेहान दुसऱ्या जागेवरून सुटतो, पोलवर डॅन टिक्टम. सुरुवातीलाच टिक्टम त्याला कडेला दाबतो आणि त्या झटापटीत मिक शूमाखर दोघांच्याही पुढे निघून जातो. तोच शूमाखर त्या दिवशी चॅम्पियन होणार असतो. जेहान घाई करत नाही. शूमाखरच्या मागे राहतो, त्याला गाठतो, मागे टाकतो, मग टिक्टमलाही. शेवटी त्सुनोदापेक्षा साडेतीन सेकंद पुढे राहून जिंकतो. फॉर्म्युला टूमधला भारतीयाचा पहिला विजय! ज्या टीममेटने वर्षभर त्याला झाकोळलं, तोच त्या दिवशी दुसरा आला. मी ती शर्यत अजूनही अधूनमधून लावतो, आणि निकाल पाठ असूनही ओव्हरटेकच्या वेळी उठून उभा राहतो.

पुढे २०२१ मध्ये मोंझाला जिंकला, २०२२ मध्ये पुन्हा मोंझालाच, आणि ही तर रविवारची मोठी, फीचर रेस, पिटस्टॉपसकट. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चालवली. दोन्ही मोसमांत सातवा. मग रेड बुलची साथ सुटली, एमपी मोटरस्पोर्टबरोबर आणखी एक वर्ष, आणि नंतर विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई, मासेराटीच्या गाडीत. फॉर्म्युला टूच्या ग्रिडवर तो चार वर्षं टिकला. आपल्याकडून नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये आणि करुण चंधोक २०१० मध्ये फॉर्म्युला वनला पोचले होते, त्यानंतर त्या दाराच्या इतक्या जवळ फार थोडे गेलेत. बंगळुरूचा कुश मैनी त्याच वाटेवर आहे, २०२५ मध्ये मोनाकोची स्प्रिंट जिंकला. त्याच्या वेळी मला सारखा जेहान आठवत होता.

पैशाचं सांगतो, कारण ते ताईला कुणी स्पष्ट सांगणार नाही. युरोपात वरच्या पायरीवर एका मोसमाचा खर्च कित्येक कोटींत जातो, आणि गाडी ठोकली तर ते वेगळं. घरचं भक्कम पाठबळ किंवा एखाद्या कंपनीचा हात पाठीवर असल्याशिवाय नुसत्या गुणांवर कोणी तिथवर जात नाही. हे मला मनापासून खटकतं. किती पोरं चेन्नई-कोइंबतूरच्या ट्रॅकवरच थांबत असतील! पण आहे ते असं आहे, आणि कर्ज काढून या वाटेला लागू नका, एवढं ताईला माझ्या नावाने सांग.

मग पोराला थांबवायचं का? अजिबात नको. दोन-तीन वर्षं इथलं कार्टिंग मनापासून करू दे. फक्त नंबर कितवा आला हे विचारू नका. त्याच इंजिनवर, त्याच टायरवर, सगळ्यात वेगवान मुलापेक्षा तो किती मागे आहे, आणि नव्या टायरवर त्याचा पहिला चांगला लॅप कधी लागतो, हे लिहून ठेवा. पावसात न्या. इंजिनिअरशी त्याला स्वतः बोलू द्या, वडिलांनी मध्ये पडायचं नाही. गाडी कुठल्या वळणावर काय करते हे त्याला शब्दांत सांगता यायला हवं, पुढे हीच गोष्ट सगळ्यात जास्त विचारली जाते. आणि यातून इंजिनिअर झाला, फॉर्म्युला ई किंवा एन्ड्युरन्सला (तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींना) गेला, तरी ते रेसिंगच आहे. तू मामा आहेस, तुझं घरात ऐकतील.

त्याच्या मागच्या शर्यतीचे लॅप टाइमचे कागद असतील तर फोटो काढून पाठव, प्रत्येक सत्राचे वेगवेगळे. सगळे लॅप हवेत, फक्त बेस्ट नको. बघून कळवतो. ताईला नमस्कार, वहिनींनाही, आणि पोराला साखिरची ती शर्यत दाखवायला विसरू नकोस.

तुझा,
श्रीधर